पाण्याच्या वायव्येला: टेक्सासच्या रँचवर दोन रात्री

सॅन अँटोनियो सोडून पश्चिमेला दीडेक तास गाडी हाकली की कॉनकॅन लागतं. पाटीवरचं नाव मराठी डोळ्यांना ‘कोकण’ वाटल्याशिवाय राहत नाही, पण इथे ना खाडी ना माड. चुनखडीच्या टेकड्या, त्यांवर ज्युनिपर आणि लाइव्ह ओकची झाडं, खाली फ्रिओ नदीचं हिरवट नितळ पाणी आणि मधल्या माळावर फड्या निवडुंग. निवडुंग बघून दख्खनची आठवण येते खरी, पण मूळचा तो इकडचाच. आपल्या माळावर तो पाहुणा म्हणून गेला. बदल्यात इकडे काय आलं ते पुढे सांगतो.

या पट्ट्याला टेक्सासची हिल कंट्री म्हणतात. इथल्या रँचवर, म्हणजे गुरांसाठी राखलेल्या मोठ्या खासगी जमिनीवर, राहून निसर्ग बघायचा तर एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि किमान दोन रात्री, हा आमचा ठरलेला हिशोब. मार्चमध्ये निम्मे पक्षी आलेले नसतात, जूनमध्ये दुपारी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटीत, बसवत नाही, आणि एका रात्रीत वाऱ्याचा अंदाज येईपर्यंत निघायची वेळ होते. डिसेंबर ते फेब्रुवारी ज्युनिपरचे पराग उडतात आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचे डोळे-नाक वाहून हाल होतात. ते महिने सोडलेलेच बरे.

टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. ताडोबासारखं गेटवर नाव दाखवलं, जिप्सीत बसलो, गाइडने पुढे बसून खुणावलं, असं इथे नसतं. रँचवाला हातात एक नकाशा आणि गेटचा नंबर ठेवतो, पुढचं तुमचं तुम्ही. म्हणून पहिल्यांदा येणारे हमखास दिवसभर गाडीतून रँच पालथी घालतात. गाडीला सरावलेली हरणं तेवढी दिसतात, बाकी सगळं आवाजानेच पांगतं. इथे फिरायचं कमी आणि बसायचं जास्त. कुठे बसायचं ते पाणी, वारा आणि सूर्य ठरवतात.

बुकिंगच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारून घेतो. पहिली, आम्ही असताना शिकार चालू असेल का. व्हाइटटेल हरणांचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. तेव्हा रँच शिकाऱ्यांकडे असते, निसर्ग बघणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी जागाच देत नाहीत. पण एप्रिलही पूर्ण मोकळा नसतो. तेव्हा रानटी टर्कीचा मोसम असतो, आणि परदेशी हरणांच्या शिकारीला तर वर्षभर मुभा. त्यामुळे ‘कुठल्या पाश्चरमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) माणसं असतील’ हे नकाशावर खूण करून मागायचं आणि भडक नारिंगी जॅकेट बरोबर ठेवायचं. दुसरी गोष्ट कुंपण. साधं कुंपण चार फुटांच्या आसपास असतं, त्यावरून व्हाइटटेल सहज उडी मारतं. आठ फुटी जाळीचं कुंपण असेल तर आतली जनावरं पाळल्यासारखीच समजा. ती दिसतील भरपूर, पण दिसण्याला फारसा अर्थ नाही. तिसरी, ब्लाइंडला वाहतं पाणी आहे का आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला. याचं उत्तर मालक न अडखळता देत असेल तर रँच चांगली आहे असं समजायला हरकत नाही. चौथी, खोली नदीपासून किती उंचावर आहे.

ही चौथी गोष्ट लोक विचारत नाहीत. चुनखडीच्या उतारावर माती पातळ असते, पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. २०२५ च्या ४ जुलैला पहाटे ग्वादालूपे नदीला आलेल्या पुरात शेजारच्या भागातल्या एकट्या केर काउंटीत (जिल्ह्यात) शंभरहून अधिक माणसं गेली. नदीकाठची खोली दिसायला सुंदर असते, आम्ही ती घेत नाही. फोनला रेंज नसते, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ बरोबर असतो आणि रात्री तो सुरू राहतो. रँचच्या वाटेवर नदी ओलांडायला उंच पूल नसून काँक्रीटचा फरशी पूल असतो. फरशीवरून १५ सेंटिमीटर जोराचं पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, ३० सेंटिमीटर छोटी गाडी ढकलतं, ६० मध्ये मोठ्या गाड्याही जातात. पाणी गढूळ असेल तर खालची फरशी शाबूत आहे की नाही हेही कळत नाही. मागे फिरायचं.

सामानात सर्वात महत्त्वाचं काम दोन दिवस आधी उरकायचं असतं, ते कपड्यांचं. पायमोजे, पँट, बूट आणि शर्टाच्या बाह्या यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा घराबाहेर मारून पूर्ण वाळवतो. हे कातडीला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब. तिला ते जीवघेणं ठरू शकतं. अंगाला २५-३० टक्क्यांचं डीट, किडे दूर ठेवणारं औषध. हे सगळं डासांसाठी नाही, गोचीड आणि चिगर यांच्यासाठी आहे. चिगर म्हणजे एका बारीक कोळी-किड्याची अळी, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. गवतातून अंगावर चढते आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे थांबते. म्हणून मोज्याच्या इलॅस्टिकखाली आणि कमरेच्या पट्ट्याखाली लाल पुळ्यांची अख्खी माळ उठते. खाज दुसऱ्या दिवशी चढते, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. गवतातून आल्याबरोबर गरम पाण्याने साबण चोळून अंघोळ केली तर बराचसा बचाव होतो. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल लावायचं नाही, काडी पेटवून तर अजिबात नाही.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगांची. त्याहून जास्त पटीची घेतली तर हाताची थरथर दिसते आणि पहाटे उजेड कमी पडतो. उधार आणलेली दुर्बीण ‘धूसर’ निघते ती बहुतेक वेळा फक्त जुळवलेली नसते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या भिंगावरची कडी फिरवायची. त्यानंतर कडीला हात लावायचा नाही. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडायच्या. ‘मर्लिन’ ॲपमध्ये टेक्सासच्या पक्ष्यांचं पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचं. ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं, पण इथला मॉकिंगबर्ड एका दमात पाच-सहा पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप फसतं. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत नोंद नाही.

रँचच्या गेटवर पहिली परीक्षा होते. एकाच साखळीत तीन-चार कुलुपं एकमेकांत अडकवलेली असतात: एक मालकाचं, एक शिकाऱ्यांचं, एक वीज कंपनीचं, एक पाहुण्यांचं. आपलं उघडून आत गेल्यावर परत लावताना ते दोन्ही बाजूंच्या शेजारच्या कुलुपांतून गेलं पाहिजे. घाईत ते साखळीच्याच दोन कड्यांत अडकवलं की बाकीची कुलुपं साखळीबाहेर पडतात, आणि रात्री दहाला कुणीतरी बाहेर अडकतं. लावून झाल्यावर साखळी ओढून बघायची. आतली गेटं जशी दिसली तशीच ठेवायची. उघडं गेट दिसलं म्हणून सभ्यपणे बंद केलं, तर गुरं पाण्यापासून तुटतात. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर पलीकडे जायचं नाही. टेक्सासच्या कायद्यात तो पट्टा म्हणजे ‘प्रवेश बंद’ची पाटीच आहे, आणि दोन रँचच्या सीमेवर तो हमखास असतो.

इथला रँचवाला पाणवठे, दाणे, गणना यांची उठाठेव कशासाठी करतो हे समजलं की बसायच्या जागा आपोआप कळतात. १९९५ मध्ये टेक्सासच्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि गुरांऐवजी वन्यजीवांसाठी जमीन राखणाऱ्यालाही शेतीच्याच सवलतीच्या दराने कर लागू लागला. अट अशी की सातपैकी किमान तीन कामं दर वर्षी करायची: अधिवासाची देखभाल, धूप रोखणं, भक्षकांवर नियंत्रण, जादा पाणी, जादा खाद्य, निवारा आणि गणना. म्हणजे ओकखाली ठिबकणारं ते तळं पाहुण्यांसाठी खोदलेलं नाही, ते कराच्या कागदांत आहे. ही सवलत फक्त इथल्या मूळ प्राण्यांसाठी केलेल्या कामांना मिळते.

आणि इथेच गंमत आहे. पहिल्या संध्याकाळी पाण्यावर सगळ्यात आधी येणारा कळप मूळचा इथला नसतोच. अंगभर पांढरे ठिपके, पाठीवर गडद पट्टा, गळ्याखाली पांढरा डाग. चितळ! १९३२ मध्ये चितळ टेक्सासमध्ये आणले गेले. काळवीट आले तेही तिसाच्या दशकातच, आणि त्याच सुमारास नीलगाय दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर पोचली. काळवीट बहुतांशी कुंपणातच राहिले, चितळ मात्र पुरात वाहून गेलेल्या आणि पडलेल्या कुंपणांतून निसटून हिल कंट्रीभर पसरले. इथे त्यांना ‘ॲक्सिस’ म्हणतात आणि कॅफेच्या फळ्यावर त्यांच्या मटणाचा बर्गर असतो. ताडोबात चितळाला ‘नुसतं चितळ’ म्हणून पुढे जाणाऱ्या माणसाला हे जरा जड जातं.

एप्रिलअखेर चितळ आणि व्हाइटटेल दुरूनही वेगळे ओळखता येतात. व्हाइटटेल नरांची शिंगं जानेवारी ते मार्चमध्ये गळतात, त्यामुळे आता त्यांच्या डोक्यावर मखमली गाठी तेवढ्या असतात. चितळाला इथेही ऋतूचं बंधन नाही. एकाच कळपात एकाला कडक पूर्ण शिंगं, दुसऱ्याला मखमली, तिसरा बोडका. थोडक्यात, एप्रिलमध्ये भरगच्च शिंगांचं हरीण दिसलं तर ते व्हाइटटेल नाही. घाबरल्यावर व्हाइटटेल शेपूट उभारून पांढरा रुमाल हलवल्यासारखं पळतं, चितळ आधी तीच आपली ओळखीची तीक्ष्ण हाक देतं. इथे वाघ-बिबट्या नाही. ती हाक बहुतेक वेळा आपल्यासाठीच असते. ती ऐकू आली की समजायचं, वारा चुकला, आपला वास तिकडे पोचला. चितळामुळे इथल्या हरणाचं नुकसान होतं ते खाण्यात. चितळ गवत खातं आणि गवत संपलं की झुडपांचा पाला. व्हाइटटेलला मुळात पालाच लागतो, गवतावर ते तगत नाही. दुष्काळात कोण मागे उरणार हे सांगायला नको.

आता बसण्याचं गणित. वसंतात इथे वारा बहुतेक दिवस मेक्सिकोच्या आखाताकडून, म्हणजे आग्नेयेकडून येतो. प्राणी बघायचे तर माणूस वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पाण्याच्या वायव्येला हवा. संध्याकाळी हे छान जमतं, कारण सूर्यही मागेच असतो आणि समोरचं जनावर उजळून निघतं. सकाळी त्याच जागी बसलं तर ऊन समोरून तिरकं डोळ्यांवर येतं. सकाळ म्हणून आम्ही पक्ष्यांना देतो. पक्ष्यांना वासाचं घेणं-देणं नसतं, तेव्हा पाण्याच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड केलेल्या ब्लाइंडमध्ये बसायचं. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की हे सगळं उलटतं. दर वेळी टाल्कम पावडरची चिमूट उडवून बघायची, झाडाच्या पानांवर भरवसा नाही. आणखी एक बारकावा: वारा पडलेल्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर थंड हवा उतारावरून खाली घळीत सरकते. पाणी घळीत आणि आपण वर उतारावर असू, तर आपला वास सरळ पाण्यावर जातो. उंचावरून छान दिसतं म्हणून तिथे बसणारे तासभर रिकामं तळं बघत राहतात.

तिवईवर पिंप बसवलेला मक्याचा फीडर असेल तर तो टायमरवर चालतो, साधारण सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी काही सेकंद मका उधळतो. जनावरांना ती वेळ पाठ असते. टर्की आधी येऊन उभ्या राहतात. वेळ मालकाला विचारून त्याआधी किमान पाऊण तास ब्लाइंडमध्ये असायचं. फीडरखाली ‘बघू काय आहे’ म्हणून चालत जायचं नाही, वास रात्रभर राहतो. तिन्हीसांजेला हावेलिना येतात, रानडुकरासारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले, आखूड केसाळ, मानेभोवती फिका पट्टा. त्यांची नजर अधू असते. ते जवळ आले तर हलायचं नाही, आणि बरोबर कुत्रा असेल तर या जागी यायचंच नाही.

पहाट पक्ष्यांची. एप्रिलअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आम्ही साडेसहाला ब्लाइंडमध्ये असतो. ब्लाइंड म्हणजे पत्र्याची किंवा लाकडी खोपटी, समोर कापडाने झाकलेली आडवी फट, बाहेर तीन ते पाच मीटरवर दगडातलं उथळ पाणी आणि भोवती फांद्या रोवलेल्या. पाणी नुसतं साठलेलं असून भागत नाही, थेंब पडला पाहिजे. त्या टपटपीवर पक्षी उतरतात. पाणी मध्यभागीही पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको, लहान पक्षी खोल पाण्यात अंघोळ करत नाहीत. कॅमेऱ्याची नळी फटीबाहेर काढून स्थिर ठेवायची, आतबाहेर करायची नाही. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मोठी लेन्स आणणाऱ्यांची इथे फजिती होते: तिचं किमान फोकस-अंतर साडेचार मीटर आणि पक्षी साडेतीनवर. अंघोळीचे फोटो एक हजारांश सेकंदापेक्षा हळू घेतले तर पाण्याच्या रेघा होतात.

ज्याच्यासाठी लोक इथे येतात तो पेंटेड बंटिंग आकाराने चिमणीहून लहान. निळं डोकं, पोपटी पाठ, तांबडं पोट, पोराने रंगपेटीतले तीनच खडू दामटून वापरावेत तसा. तो उंच फांदीवर येऊन बसेल अशी वाट बघू नये. तो झुडपाच्या बुडातून जमिनीलगत येतो, आधी दगडाआड थांबतो, मग एक उडी. डोळ्याभोवती तांबडी कडी असते, ती दुर्बिणीतून दिसली की रंग खोटे वाटायला लागतात. पाण्यात छाती बुडवून पंख थरथरवताना तो पूर्ण भिजतो आणि दोन मिनिटांपुरता काळपट, केविलवाणा दिसतो. मग फांदीवर जाऊन पिसं फुलवतो आणि रंग एकेक करून परत येतात. त्याला सूर्यफूल नको असतं, पांढरी मिलेट हवी, आपल्या वरीच्या जातीचं बारीक धान्य. शेजारी साधा हिरवट पक्षी असेल तर ती मादी. पण तो हिरवा पक्षी गात असेल तर मादी नाही, पहिल्या वर्षाचा नर आहे.

गोल्डन-चीक्ड वॉर्बलर मात्र ब्लाइंडमध्ये बसून मिळेलच असं नाही. हा पक्षी जगात फक्त टेक्सासमध्ये वीण करतो, १९९० पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. घरट्यासाठी त्याला जुन्या ज्युनिपरची सुटलेली साल लागते. तिच्या चिंध्या कोळ्याच्या जाळ्याने शिवून तो वाटी बनवतो. कोवळ्या ज्युनिपरची साल अशी सुटत नाही, म्हणून नवं झाड लावून भागत नाही, जुनं टिकावं लागतं. दरीच्या उतारावर जुने ज्युनिपर आणि ओक एकत्र असतील तिथे सकाळी आठ-साडेआठपर्यंत उभं राहायचं आणि कान द्यायचा, त्याचा आवाज घरघरता, किड्यासारखा असतो. फोनवर त्याचं गाणं वाजवून बोलवायचं नाही. नर पिल्लं-घरटं सोडून नसलेल्या शत्रूला हाकलत बसतो.

ओसरीवरचे हमिंगबर्डचे फीडर पाहुण्यांनी भरले तर मालकांना आवडतं. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. लाल रंग नको. मध नको, त्यात बुरशी धरते. गूळ किंवा तपकिरी साखरही नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. उन्हात दोन दिवसांनी पाणी ढगाळलं की ओतून द्यायचं. इथला नेहमीचा ब्लॅक-चिन्ड. त्याच्या काळ्या हनुवटीखालचा जांभळा पट्टा ऊन एका विशिष्ट कोनातून पडल्यावरच पेटतो. पाच मिनिटं बघून ‘काळाच आहे’ म्हणू नये.

दुपार झोपेची.

चालताना साप आणि काटे या दोहोंचं भान हवं. डायमंडबॅक रॅटलस्नेक ओंडक्याच्या सावलीत वेटोळं घालून असतो, म्हणून ओंडक्यावरून उडी मारायची नाही, आधी ओंडक्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं. चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, आवळून बांधणं सगळं वर्ज्य. अंगठ्या काढायच्या आणि थेट ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. निवडुंगाचे मोठे काटे दिसतात, त्रास देतात ती त्यांच्या बुडाची केसांएवढी कुसं. ती हाताने चोळली की आणखी रुततात. चिमट्याने निघतील तेवढी काढून उरलेल्या जागी पांढऱ्या गोंदाचा थर द्यायचा, वाळला की सोलायचा. मऊ मातीचा उंचवटा दिसला तर त्यावर उभं राहून दुर्बीण लावू नये. तांबड्या फायर अँट पिंढरीपर्यंत चढेपर्यंत थांबतात आणि मग सगळ्या मिळून डसल्यासारख्या डसतात.

दुसरी संध्याकाळ वटवाघळांची. कॉनकॅनजवळच्या फ्रिओ गुहेत मेक्सिकन फ्री-टेल्ड वटवाघळांची एक कोटीच्या आसपासची वसाहत असते. गुहा खासगी जमिनीत आहे, गाइडबरोबरच जाता येतं, आधी नोंदणी लागते. सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास, तासभर आधी पोचायचं. वास अमोनियाचा, डोळ्यांना झोंबणारा. दम्याच्या माणसाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं. डोक्यावर टोपी, पाण्याच्या बाटलीला झाकण, आणि वर बघताना तोंड मिटलेलं. आधी केव्ह स्वॅलो पाकोळ्यांसारख्या गुहेत परतायला लागतात, मग काळोखातून दोनचार वटवाघळं, आणि एकदम धार सुटते. जेमतेम १२ ग्रॅमचा एकेक जीव, पण एवढ्यांच्या पंखांचा आवाज पत्र्यावर दूरच्या सरीसारखा येतो. ससाण्यांसारखे शिकारी पक्षी धारेत तिरपे घुसतात. फ्लॅश नको. उजेड शिल्लक असेतो आकाशावर फोकस धरून फोटो काढायचे. एप्रिलमध्ये गाभण माद्या असतात, पिल्लं जूनमध्ये होतात. ती उडायला लागल्यावर ऑगस्टमधली धार याहून मोठी. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, पोरांना हे आधीच सांगून ठेवायचं. रेबीजची भीती असते.

रात्रीच्या फेरीला दोन टॉर्च लागतात. साधा टॉर्च हातात खाली न धरता कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायचा. तरच परावर्तित प्रकाश आपल्या डोळ्यांत परत येतो. गवतात दवासारखे हिरवे ठिपके चमकले तर जवळ जाऊन बघा. दव नसतं, प्रत्येक ठिपका म्हणजे एका वुल्फ स्पायडर कोळ्याचे डोळे. मुरमाच्या वाटेवर निखारा पडलाय असं वाटलं तर तो रातव्याच्या जातीचा पुअरविल असतो. दुसरा टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा अतिनील. त्यात दगडी गडग्यांवरचे विंचू फिक्या हिरव्या रंगात उजळतात, नुकती कात टाकलेले तेवढे उजळत नाहीत. ३९५ चा स्वस्त टॉर्चही चालतो, पण जांभळा उजेड जास्त पडून विंचू पुसट दिसतो. इथला पट्टेरी विंचू वस्तूंच्या खालच्या बाजूला उलटा लटकून बसतो. फळी किंवा दगड उचलताना बोटं नेमकी तिथेच जातात. काठीने उलटायचं, आणि बूट सकाळी झटकून घालायचे.

स्कंक, म्हणजे शेपटीखालून दुर्गंधी फवारणारा प्राणी, भेटला तर तो आधी पुढचे पाय आपटून इशारा देतो, शेपूट वर गेली की उशीर झालेला असतो. तो वास टोमॅटोच्या रसाने जात नाही. एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, एक चमचा भांड्यांचा साबण ताजं कालवून लगेच वापरायचं, डोळे वाचवून. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवलं तर बाटली फुटते.

झोपण्याआधी एक ट्रेल कॅमेरा, समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा, पायवाटेवर बांधतो, गुडघ्याच्या उंचीला, वाटेला तिरका, तोंड उत्तरेकडे. पूर्व-पश्चिमेला लावला तर सूर्य उगवता-मावळताना तो आपणच फोटो काढत सुटतो. समोरचं गवत हातभर कापायचं. हे विसरलं की सकाळी कार्डावर दीड हजार फोटो, सगळे डुलत्या गवताचे. नीट लावला तर रॅकून, करडा कोल्हा, आर्माडिलो, आणि नशीब असेल तर रिंगटेल, शरीराएवढ्याच लांब पट्टेरी शेपटीचा.

घरी आल्यावर सगळे कपडे धुण्याआधीच कोरडे ड्रायरमध्ये कडक आचेवर दहा मिनिटं फिरवतो. गोचिडी कोरड्या उष्णतेने मरतात, धुण्याच्या पाण्यातून त्या जिवंत निघू शकतात.

निघताना मालकाला आमची नोंदवही देतो: तारीख, वेळ, जागा, प्राणी, नर-मादी-पिल्लू, संख्या. त्याच्या वर्षाच्या गणनेला ती कामी येते. व्हाइटटेल, टर्की, बंटिंग, वॉर्बलर हे सगळं तो आपल्या तक्त्यात उतरवतो. चितळांना त्या तक्त्यात रकाना नाही. आम्ही ते पानाच्या तळाशी वेगळे लिहितो, मराठीत.